कांद्याच्या डीएनएत मीठ कशाला? (प्रभार, पीळ आणि डीएनएचा आकार)



२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या छावणीतल्या शाळेत पाचवीच्या मुलांसोबत मी कांद्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग केला. हा प्रयोग आपल्यापैकी बऱ्याच जणांना आता पाठ आहे. कांदा बारीक चिरून ठेचायचा, त्यात पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि चमचाभर मीठ घालायचं, दहा मिनिटं ठेवून गाळायचं. मग ग्लासाच्या कडेने थंडगार स्पिरिट हळूच सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे धागे दिसू लागतात. (हे सगळंच शुद्ध डीएनए नसतं बरं का. त्यात आरएनए, प्रथिनं, कांद्याचं पेक्टिन असं बरंच काही येतं. मुलांना हे सांगायला हवं.)

धागे दिसले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, लिक्विड कशाला ते कळलं. पेशीचं आवरण तेलकट असतं म्हणून. पण मीठ कशाला?"

मी सांगून टाकलं, "मिठाने डीएनए स्वच्छ होतो."

हे चूक होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. कृतीच्या कागदावर 'मीठ घाला' एवढंच लिहिलेलं असतं, कारण नसतं. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचायला बसले. चमचाभर मिठामागे एवढं मोठं प्रकरण असेल असं वाटलं नव्हतं. ते तुमच्यासाठी लिहितेय, म्हणजे तुमच्या वर्गात कुणी विचारलं तर तुम्ही माझ्यासारखं ठोकून देणार नाही.

शिडीच्या चित्रात काय नसतं

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं डीएनएचं चित्र आठवा. पीळ दिलेली शिडी. मधल्या पायऱ्या म्हणजे नत्रयुक्त पदार्थांच्या जोड्या आणि दोन्ही बाजूंचे दांडे शर्करा आणि फॉस्फेट यांचे. चित्र बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट दिसत नाही. पेशीतल्या पाण्यात प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. डीएनए हे आम्ल आहे, नावातच 'ॲसिड' आहे. ते आपला हायड्रोजन पाण्यात सोडून देतं आणि मागे ऋण प्रभार उरतो. शिडीच्या प्रत्येक पायरीमागे दोन फॉस्फेट, म्हणजे दोन ऋण प्रभार. दोन पायऱ्यांमधलं अंतर फक्त ०.३४ नॅनोमीटर. आपल्या एका पेशीत अशा साधारण ६४० कोटी पायऱ्या असतात. म्हणजे एका पेशीतल्या डीएनएवर बाराशे कोटींहून जास्त ऋण प्रभार, तेही एकमेकांना चिकटून बसलेले.

सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात हे मुलांना दाखवायची एक सोपी युक्ती सांगते. प्लास्टिकच्या सुतळीचा वीतभर तुकडा घ्या. एका टोकाला गाठ मारा आणि बाकीची सुतळी उकलून तिचे बारीक तंतू करा, घोड्याच्या शेपटीसारखे. आता कोरड्या लोकरीच्या कापडाने वरून खाली घासा. तंतू एकमेकांपासून लांब पळतात, शेपटी फुलते. आपल्याकडे फेब्रुवारीत हवा कोरडी असते, तेव्हा हे फार छान होतं. पावसाळ्यात करायला जाऊ नका, फजिती होते. फुललेल्या शेपटीवरून ओला हात फिरवला की ती लगेच मिटते.

डीएनएच्या धाग्यांचं हेच. आजूबाजूला कुणी नसेल तर तो ताठ आणि फुललेला राहील, दुसऱ्या धाग्याला जवळ येऊ देणार नाही. इतकंच काय, मीठ जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात शिडीचे दोन दांडेसुद्धा एकमेकांना ढकलतात आणि बऱ्याच कमी तापमानाला सुटे होतात. मीठ असेल तर सोडियमचे धन आयन फॉस्फेटभोवती गोळा होतात आणि त्या ढकलण्याची धार बोथट करतात. इथे उपमेत एक फरक आहे तो सांगते. ओल्या हाताने सुतळीवरचा प्रभार निघून जातो. डीएनएवरचा प्रभार जात नाही, फक्त झाकला जातो.

आता स्पिरिटचं काम कळेल. पाण्याचे रेणू धन आणि ऋण प्रभारांच्या मध्ये घुसून त्यांची ओढ खूप कमी करतात. स्पिरिट मिसळलं की पाण्याची ही ताकद घटते, सोडियम फॉस्फेटला घट्ट बिलगतो, आणि प्रभार झाकलेले धागे एकमेकांना चिकटून डोळ्यांना दिसतील एवढे गोळा होतात. आपल्याच शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्राण्यांच्या जाती ओळखायचं काम तिथे चालतं. असं कुठलंही काम सुरू करताना आधी पेशीतून डीएनए बाहेर काढावा लागतो, आणि त्यासाठीच्या नेहमीच्या पद्धतींमध्ये कुठलं ना कुठलं मीठ असतंच.

माझा फसलेला ग्लास

एवढं वाचून झाल्यावर मी वर्गात दुसऱ्यांदा प्रयोग केला. दोन ग्लास, एकात मीठ, एकात नाही. मुलांना आधीच ऐटीत सांगितलं की बिनमिठाच्या ग्लासात काही येणार नाही. आणि आलं की! मीठवाल्यापेक्षा कमी, पण धागे आले. मुलं माझ्याकडे बघायला लागली.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने खुलासा केला. "मॅडम, पाणी बोअरचं आहे. आमच्या घरी बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं बसतं." त्याचं बरोबर होतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि त्यांच्या आयनांवर प्रत्येकी दोन धन प्रभार असतात. सोडियमवर एकच. दोन प्रभारवाला आयन थोडा असला तरी डीएनएवर जास्त परिणाम करतो. मग ऑफिसमधल्या फिल्टरचं पाणी घेऊन पुन्हा केलं. धागे आणखी कमी झाले, पण अगदी शून्य नाही, कारण कांद्यात स्वतःचं पोटॅशियम वगैरे असतंच. माझ्या मते विज्ञान दिनाच्या टाळ्यांपेक्षा हा फसलेला ग्लास चांगला धडा होता.

बाजारातला दोर

आमच्याकडे गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. जनावरांचा बाजार म्हणून जुना आणि मोठा. त्यामुळे दावी, कासरे, दोरखंड विकणारेही बसतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा तिथे पाल लावतात. त्यांना एकदा वर्गात बोलावलं. त्यांनी दोराची दोन टोकं दोन मुलांच्या हातात दिली, एकाला पीळ देत राहायला सांगितलं, आणि मग म्हणाले, "आता जवळ जवळ या." मुलं जवळ आली तशी दोराने मधेच स्वतःभोवती वेटोळी घातली. आजोबा म्हणाले, "बाई, दोराला पीळ जास्त पडला की तो आपल्याच अंगावर चढतो."

डीएनएतही असंच होतं. मूळ पीळ असतोच, साधारण साडेदहा पायऱ्यांना एक फेरा. त्यात पीळ कमी किंवा जास्त झाला की अख्खा धागा आपल्याच अंगावर चढतो. जिवाणूंमधला डीएनए बहुधा गोल कड्यासारखा असतो, टोकं मोकळी नसतात, म्हणून तिथे हे ठळक दिसतं. पण आजोबांच्या दोराला आणि डीएनएला एक फरक आहे. दोराच्या वेढ्यांवर प्रभार नसतो. डीएनएचे वेढे एकमेकांना ढकलतात, म्हणून कमी मिठात वेटोळी सैल आणि पसरट राहतात, आणि मीठ किंवा मॅग्नेशियम वाढलं की ती घट्ट बसतात. धागा तोच, पीळही तेवढाच, आजूबाजूचे आयन बदलले की आकार बदलतो.

कधी कधी तर पिळाची दिशाच उलटते. १९७२ मध्ये पोल आणि जोविन या दोघांना दिसलं की सी आणि जी एकाआड एक असलेला कृत्रिम डीएनए खूप खारट द्रावणात वेगळंच रूप घेतो. १९७९ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर रिच यांच्या गटाने अशाच सहा पायऱ्यांच्या तुकड्याचे स्फटिक तपासले, तर पीळ नेहमीसारखा उजवा नसून डावा निघाला! त्या स्फटिकांमध्ये डीएनएसोबत मॅग्नेशियम आणि स्पर्मीन नावाचा धन प्रभाराचा रेणू बसलेला होता. स्पर्मीनकडे पुढे येतेच.

मोठमोठ्यांची चूक

माझी चूक सांगितली, आता मोठ्यांची सांगते. १९५१ च्या शेवटी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचं पहिलं मॉडेल बनवलं. तीन धाग्यांचं, फॉस्फेट आतल्या बाजूला आणि त्यांना धरून ठेवायला मॅग्नेशियमचे आयन. रोझालिंड फ्रँकलिन यांनी ते बघितलं आणि तिथल्या तिथे चूक दाखवली. हे आयन पाण्याने वेढलेले असतील, ते फॉस्फेटला असे आत धरून ठेवणार नाहीत. फॉस्फेट बाहेरच, पाण्याच्या बाजूला असले पाहिजेत. मॉडेल बाद झालं.

पुढे १९५३ च्या फेब्रुवारीत लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांचं मॉडेल छापून आलं. तेही तीन धाग्यांचं, फॉस्फेट आत, आणि त्या फॉस्फेटांवर प्रभारच नाही! रसायनशास्त्रातला एवढा मोठा माणूस, पुढच्याच वर्षी नोबेल मिळालेला, आणि त्याच्या मॉडेलमधलं आम्ल हे आम्लच राहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी वॉटसन-क्रिक यांचं बरोबर मॉडेल आलं, त्यात फॉस्फेट बाहेर होते. म्हणजे प्रभाराचा विचार हा नंतर जोडलेला बारीकसारीक तपशील नव्हता. बरोबर आणि चूक त्यावरच ठरत होतं.

आणखी एक गंमत. फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांनी ज्या धाग्यांवर क्ष-किरण टाकून ती प्रसिद्ध छायाचित्रं घेतली, तो डीएनए वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला होता आणि सोडियमसह होता. त्यांच्या १९५३ च्या निबंधाच्या शीर्षकातच सोडियम आहे. मीठ तिथेही होतं! हवा कोरडी असेल तर त्या धाग्याचा आकार आखूड आणि जाड व्हायचा, दमट केली की लांब आणि बारीक. त्यांनाच ए आणि बी रूप म्हणतात. शिडीचं चित्र आपण काढतो ते बी रूपाचं.

छावणी ते दौलताबाद आणि परत

आता पेशीच्या आत जाऊ. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास साधारण ६ मायक्रोमीटर. हे मुलांना कसं सांगणार? सगळं दहा हजार पट मोठं करा. केंद्रक होईल ६ सेंटीमीटरचं, मध्यम कांद्याएवढं. आणि धागा होईल २० किलोमीटर, म्हणजे छावणीतून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जाऊन जवळपास परत यावं इतका, जाडीला केसापेक्षाही बारीक. हा २० किलोमीटरचा धागा त्या कांद्यात भरायचा, तोही असा की प्रत्येक भाग दुसऱ्याला ढकलतोय.

नुसतं मीठ इथे पुरत नाही. एकच प्रभार असलेले सोडियमसारखे आयन पाण्यात डीएनएचा साधारण तीन चतुर्थांश प्रभार झाकतात. धागा स्वतःवर कोसळून गोळा व्हायला सुमारे ९० टक्के प्रभार झाकला जावा लागतो. ते काम तीन किंवा जास्त धन प्रभार असलेले रेणू करतात. पेशी असे रेणू स्वतः तयार करते, त्यांना पॉलिअमाइन म्हणतात. स्पर्मिडीनवर तीन धन प्रभार, स्पर्मीनवर चार. १९७६ मध्ये गोसुले आणि शेलमन यांनी दाखवलं की पातळ द्रावणातल्या लांबलचक डीएनएत स्पर्मिडीन घातलं की तो गोळा होतो, आणि गोळाही कसा, तर मेदूवड्यासारखा, मधे भोक असलेला. ढोबळ चित्र असं धरा की अनेक हातांचा रेणू शेजारच्या दोन वेढ्यांना एकाच वेळी धरतो. एका हाताच्या सोडियमला ते जमत नाही.

पण आपल्या केंद्रकात मुख्य काम हिस्टोन नावाची प्रथिनं करतात. आल्ब्रेख्ट कोसेल यांनी ती १८८४ मध्ये शोधली. हिस्टोनमध्ये लायसीन आणि अर्जिनीन ही अमिनो आम्लं भरपूर असतात, आणि त्या दोन्हींवर धन प्रभार असतो. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक रीळ बनतं आणि त्यावर १४७ पायऱ्यांचा डीएनए सुमारे पावणेदोन फेरे गुंडाळला जातो. एरवी एवढ्या लांबीचा डीएनए जवळपास सरळ काडीसारखा वागतो, त्याला इतकं वाकवणं सोपं नाही. धन-ऋण ओढ तिथे मोठा भार उचलते.

शुक्रपेशीत जागा आणखी कमी, म्हणून तिथे हिस्टोनच्या जागी बहुतांशी प्रोटामीन येतं, अर्जिनीनने खच्चून भरलेलं. पालकांपैकी कुणाच्या घरी बायपास झाली असेल तर हे नाव कानावर आलं असेल. ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. ते प्रचंड ऋण प्रभाराचं असतं. काम झालं की त्याचा असर उतरवायला प्रोटामीन देतात. सामन माशाच्या शुक्रपेशीत डीएनएला आवळून धरणारं तेच प्रथिन इथे हेपॅरिनला धरतं.

गुंडाळलेलं उलगडायचं कसं?

धागा घट्ट गुंडाळून ठेवला तर वाचायचा कसा? पेशीची युक्ती बघा. ती हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसीनवर ॲसिटिल गट चिकटवते. तो चिकटला की त्या लायसीनचा धन प्रभार जातो, पकड ढिली होते आणि तिथली जनुकं वाचायला मोकळी होतात. ॲसिटिल काढलं की पुन्हा आवळतं. चिकटवणारी विकरं वेगळी, काढणारी वेगळी. ॲसिटिल आणि जनुकांचं वाचन यांचा संबंध आहे, हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये मांडलं.

या विषयावरचं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालंय, हे मला माहीतच नव्हतं. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथे डॉ. संजीव गलांडे यांचा गट सॅटबी-१ नावाच्या प्रथिनावर काम करत होता. हे प्रथिन थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींमध्ये भरपूर असतं. या पेशी आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा कणा. सॅटबी-१ डीएनएच्या लांब वेटोळ्यांना ठरावीक जागी धरून ठेवतं. केंद्रकात त्याची जाळी पिंजऱ्यासारखी दिसते.

२००६ मध्ये या गटाने दाखवलं की सॅटबी-१ ला फॉस्फेट जोडलं गेलं की ते ॲसिटिल काढणाऱ्या विकराशी जोडी करतं आणि जनुकं दबून राहतात. फॉस्फेट निघालं की ते ॲसिटिल चिकटवणाऱ्या विकराशी जोडी करतं. मग सॅटबी-१ वरच ॲसिटिल बसतं, त्याची डीएनएवरची पकड सुटते आणि जनुकं चालू होतात. फॉस्फेट म्हणजे ऋण प्रभार वाढला, ॲसिटिल म्हणजे धन प्रभार गेला. अर्थात सगळं श्रेय एकट्या प्रभाराला देऊ नये. असे गट बसल्यावर प्रथिनाचा आकार आणि त्याचे जोडीदारही बदलतात. पण दोन चिमुकल्या गटांनी एवढा मोठा पिंजरा हलतो, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. डॉ. गलांडे यांना २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. नंतर ते आयसर पुणे इथे गेले.

पालकसभेतला प्रश्न

हे सगळं थोडक्यात पालकसभेत सांगितलं, तर एक आई म्हणाल्या, "मग मॅडम, लेकरांना मीठ जास्त द्यावं का?" हसू नका, प्रश्न रास्त आहे. उत्तर ठामपणे 'नाही' असं द्यायचं. पेशीतल्या सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचं प्रमाण पेशी स्वतः काटेकोर सांभाळते. पानात मीठ जास्त वाढल्याने डीएनएचा पीळ बदलत नाही, रक्तदाब मात्र वाढू शकतो. 'डीएनए सुधारणारं' मीठ, पाणी, पावडर असं काही मोबाईलवर आलं तर पुढे पाठवू नका.

वर्गात करणार असाल तर तीन ग्लास करा. मीठ आणि फिल्टरचं पाणी, नुसतं फिल्टरचं पाणी, आणि नुसतं बोअरचं किंवा नळाचं पाणी. कांदा एकच ठेचून तीन सारखे भाग करा, नाहीतर तुलना होणार नाही. स्पिरिट फ्रीजरमध्ये आधीच थंड करून ठेवा. ते ज्वालाग्राही असतं, म्हणून आजूबाजूला उदबत्तीसुद्धा नको, आणि ओतायचं आपणच. निकाल काय येणार हे आधी सांगू नका.

त्या मुलीला मी नंतर बोलावून माझं आधीचं उत्तर चुकलं होतं हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "मग कांद्यात पण हिस्टोन असतात?" असतात. १९६९ मध्ये वाटाण्याचा आणि वासराचा एच-४ हिस्टोन शेजारी ठेवून पाहिला गेला. त्यात १०२ अमिनो आम्लं असतात. त्यातली फक्त दोन वेगळी निघाली.